टीबीच्या गोळ्यांनी युरिक ॲसिड कसं काय वाढतं?

सुदामानगर_वहिनी

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांबलचक आहे, पण इथे दवाखान्यातली आणि कॉलेजातली दोन्हीकडची माणसं आहेत, म्हणून इथेच विचारते.

माझ्या धाकट्या दिरांना (वय ४४, वजन ५८ किलो) छातीत पाणी झालं होतं, ते टीबीचं निघालं. सरकारी गोळ्या सुरू आहेत, रोज सकाळी चार, उपाशीपोटी. ताप गेला, जेवण सुधारलं, सगळं मार्गी लागलं म्हणेपर्यंत गुडघे आणि घोटे धरले. जिना उतरताना कठडा पकडून एकेक पायरी. शीतलामाता बाजारात कापडाचं दुकान आहे. गादीवर मांडी घालून बसणारा माणूस आता स्टुलावर बसतो आणि थान उलगडून दाखवायला नोकराला हाक मारतो. रक्त तपासलं तर युरिक ॲसिड १०.४!

झालं. घरात जो तो वैद्य. सासूबाईंनी तुरीची डाळ बंद केली. नणंदबाईंनी उज्जैनहून फोनवर टोमॅटो, पालक आणि फ्लॉवरवर बंदी घातली. कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याने युरिक ॲसिड उतरवायच्या ॲलोप्युरिनॉलचं पान पुढे सरकवलं, "भाभीजी, सब यही लेते हैं." टीबीच्या डॉक्टरांनी मात्र रिपोर्ट बघून "होतं असं, गोळ्या बंद करायच्या नाहीत" एवढंच म्हटलं आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

मला इथे औषध विचारायचं नाहीये, मला कळून घ्यायचंय. मी होळकर कॉलेजची बी.एस्सी., झूलॉजी. नेफ्रॉनची, म्हणजे किडनीतल्या गाळणी-नळीची, आकृती अजून काढून दाखवीन. युरिक ॲसिड प्युरीनपासून (पेशींच्या डीएनएतल्या घटकापासून) होतं हेही आठवतं. मग या गोळीत प्युरीन असतं का? की मेलेल्या जंतूंमधून बाहेर पडतं? की किडनी बिघडली? क्रिएटिनिन ०.९ आहे, म्हणजे किडनी बरी दिसते. मधलं काही न गाळता कुणी समजावेल का?

छावणी_भिया

वहिनी, डाळ, राजमा, छोले सगळं बंद. सकाळी कोमट पाण्यात लिंबू. आमच्या मामांचं असंच उतरलं होतं. आणि त्या गोळ्या गरम असतात, थोडे दिवस खाडा केला तर काही बिघडत नाही.

रामबाग_जुना

भिया, लिंबूपाण्याबद्दल माझं काही म्हणणं नाही, पण शेवटचं वाक्य मागे घ्या. टीबीच्या गोळ्यांत आपल्या मनाने खाडा करायचा नसतो. उरलेले जंतू औषधाला दाद देईनासे होतात, मग सहा महिन्यांचं काम दीड-दोन वर्षांवरही जाऊ शकतं. मॉडरेटर असते तर ते वाक्य मी पुसून टाका म्हटलं असतं.

वहिनी, तुमच्या तिन्ही शंकांचं उत्तर 'नाही' असं आहे. आधी माझी ओळख: औषधशास्त्राच्या प्रयोगशाळेत नोकरी केली, विद्यार्थ्यांना शिकवलं, पेशंट कधी तपासला नाही. तेव्हा कारण सांगतो, औषध सांगत नाही. चहा घेऊन बसा.

त्या प्रत्येक गोळीत चार औषधं आहेत: आयसोनियाझिड ७५, रिफाम्पिसिन १५०, पायराझिनामाइड ४०० आणि इथॅम्ब्युटॉल २७५ मिलिग्रॅम. लघवी नारिंगी होते ती रिफाम्पिसिनने. युरिक ॲसिडचा कारभार पायराझिनामाइडचा, इथॅम्ब्युटॉलचा थोडा हातभार. चार गोळ्या म्हणजे रोज १६०० मिलिग्रॅम पायराझिनामाइड पोटात जातं. त्यात प्युरीन नाही, आणि दिरांच्या शरीरात युरिक ॲसिड जास्त तयारही होत नाहीये. ते बाहेर पडायचं राहतंय.

आता नेफ्रॉन आठवा. ग्लोमेरुलसमधून, म्हणजे त्याच्या तोंडाशी असलेल्या गाळणीतून, युरिक ॲसिड गाळलं जातं आणि नळीत उतरतं. पण गाळलेल्यापैकी जवळजवळ ९० टक्के माणसाची किडनी परत आत ओढते. हे काम बहुतेक सगळं प्रॉक्झिमल ट्यूब्यूलमध्ये, म्हणजे नळीच्या सुरुवातीच्या भागात, होतं. कसं ओढते, हाच तुमच्या प्रश्नाचा गाभा आहे.

रक्ताचा पीएच ७.४. त्या पीएचला युरिक ॲसिडच्या शंभरातल्या अठ्ठ्याण्णव रेणूंचा प्रोटॉन सुटलेला असतो, उरतं ते ऋण भाराचं युरेट. आणि पेशीचं आवरण मेदाचं, दुपदरी. भार असलेला रेणू त्या तेलकट थरात शिरत नाही. त्यात भर म्हणजे पेशीची आतली बाजू बाहेरच्यापेक्षा ऋण असते, म्हणजे ऋण रेणूला आतून ढकलणंच. तो नुसता पाझरून आत जाईल हे विसरा. आवरणात बसवलेलं, खास ऋण रेणू नेणारं प्रथिन लागतं. शरीरात अशी पुष्कळ आहेत. लाल पेशीवर क्लोराइड आणि बायकार्बोनेटची अदलाबदल करणारं बॅंड-३ आहे, त्याच्याशिवाय कार्बन डायऑक्साइड फुप्फुसापर्यंत नीट पोचणार नाही. पण आपलं गिऱ्हाईक युरेट आहे.

नळीच्या पोकळीकडे तोंड असलेल्या आवरणावर, जिथे ती ब्रशासारखी झालर, ब्रश बॉर्डर, असते तिथे, यूरॅट-१ नावाचं प्रथिन बसलेलं असतं. जपानी संशोधकांनी ते २००२ साली शोधलं. हा अदलाबदलीचा व्यवहार करतो. गॅस एजन्सीवाला जसा रिकामं सिलिंडर घेतल्याशिवाय भरलेलं उतरवत नाही, तसं हे प्रथिन पेशीतला एक ऋण रेणू बाहेर टाकल्याशिवाय युरेट आत घेत नाही. एक ऋण गेला, एक ऋण आला, भाराचा हिशोब जागच्या जागी, म्हणून आतल्या ऋणपणाची अडचणच उरत नाही. आत आलेलं युरेट मग पेशीच्या रक्ताकडच्या बाजूने ग्लुट-९ नावाच्या दुसऱ्या प्रथिनातून रक्तात उतरतं. तिथे आतला ऋण भार उलट मदतच करतो, युरेटला बाहेर ढकलतो.

बदल्यात देण्यासाठी यूरॅट-१ ला कुठले रेणू चालतात? लॅक्टेट चालतं. निकोटिनेट चालतं. आणि पायराझिनोएट फार आवडीने चालतं.

हे पायराझिनोएट आलं कुठून? पायराझिनामाइडच्या गोळीतून. यकृत तिचा अमाइड तोडतं आणि पायराझिनोइक ॲसिड करतं, तेही रक्तात ऋण होऊन फिरतं. किडनीच्या नळीत उतरलं की एसएमसीटी नावाची सोडियमच्या जोरावर चालणारी प्रथिनं त्याला पेशीत ओढून घेतात. पेशीत त्याचा साठा वाढला की यूरॅट-१ ला बदली माल भरपूर मिळाला. ते पायराझिनोएट पोकळीत टाकतं आणि युरेट आत घेतं. बाहेर पडलेलं पायराझिनोएट एसएमसीटीने पुन्हा आत, की पुन्हा बाहेर, पुन्हा एक युरेट आत. एकच रेणू कितीतरी फेऱ्या मारतो. शंभरातले नव्वद परत यायचे, तिथे जवळपास सगळेच येऊ लागतात. लघवीत युरेट नाममात्र आणि रक्तात १०.४.

त्यामुळे किडनी बिघडली असं म्हणू नका. तिची एक यंत्रणा जरा जास्तच जोरात चालली आहे. क्रिएटिनिन ०.९ आलं ते म्हणूनच.

ज्याच्यामुळे गुडघे धरले, तोच पायराझिनोइक ॲसिडचा रेणू जंतूलाही मारतो, हे मला अजून मजेशीर वाटतं. टीबीच्या जंतूकडेही गोळीचा अमाइड तोडणारं स्वतःचं विकर (एन्झाइम) असतं, ते बनवणाऱ्या जनुकाला पीएनसीए म्हणतात. तो जंतू आपल्या हाताने आपलं विष तयार करतो. ते जनुक बिघडलेला जंतू पायराझिनामाइडला दाद देत नाही.

देवीअहिल्या_एमएस्सी

सर, एक शंका. आमच्या जुन्या फिजिओलॉजीच्या पुस्तकात लिहिलंय की पायराझिनामाइड युरेटचं *सिक्रीशन*, म्हणजे रक्तातून नळीत सोडणं, थांबवतं. तुम्ही सांगताय की *रिॲब्झॉर्प्शन*, म्हणजे परत ओढणं, वाढवतं. परीक्षेत काय लिहू?

रामबाग_जुना

परीक्षेत जे परीक्षकाच्या पुस्तकात असेल ते लिही बाळा, आणि इथे खरं ऐक.

जुन्या काळी पायराझिनामाइड ही किडनीची चाचणीच होती. गोळी द्यायची, लघवीतलं युरेट किती घसरतं ते मोजायचं. ते जवळजवळ शून्यावर यायचं. तर्क असा केला की गोळीने सिक्रीशन बंद पडलं, म्हणजे जेवढं घसरलं तेवढं सिक्रीशन होतं. त्यावर गाळणं, ओढणं, सोडणं आणि पुन्हा ओढणं असा चार टप्प्यांचा आराखडा रचला गेला. पिढ्यान्‌पिढ्या तो पाठ केला गेला. आकडे खरे होते. यूरॅट-१ सापडल्यावर त्याच आकड्यांचा अर्थ उलटा लागला.

पुरावा माणसांतच मिळाला. जपानमध्ये काही लोकांत यूरॅट-१ चं जनुक जन्मतःच तुटकं असतं, तिथे सर्वांत जास्त आढळणारा बदल डब्ल्यू-२५८-एक्स म्हणून ओळखतात. या लोकांच्या रक्तात युरिक ॲसिड १ च्या आसपास, कधी त्याहून कमी. जड व्यायाम केला तर एखाद्याची किडनी अचानक बसते, एरवी पत्ताही लागत नाही. अशा लोकांना पायराझिनामाइड दिलं तर लघवीतलं युरेट फारसं घसरतच नाही. गोळीला जोर दाखवायची जागाच नाही ना. सिक्रीशन बंद होत असतं तर इथेही घसरायला हवं होतं.

सिक्रीशन होत नाही असं मात्र मी म्हणत नाही. एबीसीजी-२ नावाचं प्रथिन ते करतं, किडनीत आणि आतड्यातही. रोजच्या युरेटचा साधारण एक तृतीयांश भाग आतड्यावाटे जातो, हेही वर्गात सांगितलं जात नाही.

सुदामानगर_वहिनी

काका, वाचून पुन्हा वाचलं. सिलिंडरवाली गोष्ट सासूबाईंनाही कळली, डाळ आज परत शिजली.

दोन प्रश्न राहिले. मेडिकलवाल्याची ॲलोप्युरिनॉल तर युरिक ॲसिड तयारच होऊ देत नाही ना, मग ती द्यायला काय हरकत? आणि शेजारचे एक आजोबा म्हणतात, ॲस्पिरिन घ्या, जुन्या काळी टीबीच्या सांधेदुखीला तीच द्यायचे.

रामबाग_जुना

ॲलोप्युरिनॉल दिलीत का अजून? दिली नसेल तर थांबा आणि आधी डॉक्टरांना विचारा. सांगतो का ते.

ॲलोप्युरिनॉल झॅन्थिन ऑक्सिडेज या विकराला अडवते, म्हणून युरिक ॲसिड कमी तयार होतं. इथवर मेडिकलवाला बरोबर. पण पायराझिनोइक ॲसिडचं विघटन करून त्याचा पुढचा पदार्थ करणारं विकरही तेच, झॅन्थिन ऑक्सिडेज! ते अडवलं की पायराझिनोइक ॲसिड रक्तात साठतं. म्हणजे यूरॅट-१ ला बदली माल आणखी. एका हाताने नळ बंद केला आणि दुसऱ्या हाताने मोरी बुजवली. या कारणाच्या वाढलेल्या युरिक ॲसिडवर ती गोळी फारशी उपयोगी पडत नाही ते यामुळे. सब यही लेते हैं, हे खाण्यापिण्याने किंवा वंशाने गाऊट, म्हणजे युरिक ॲसिडचा सांधेविकार, झालेल्यांबद्दल खरं असेल.

ॲस्पिरिनबद्दल आजोबा अगदी चूक नाहीत, टीबीच्या जुन्या सूचनांत सांधेदुखीला ॲस्पिरिन सापडते. पण ती मोठी विचित्र चीज आहे. दिवसाला एक-दोन ग्रॅमपर्यंत घेतली तर युरिक ॲसिड वाढवते, तीन ग्रॅमच्या वर गेली तर उतरवते. एकच औषध आणि परिणाम दोन टोकांचे. कारण तेच, यूरॅट-१. सॅलिसिलेटही ऋण रेणू. थोडं असताना ते पेशीत शिरून बदली माल म्हणून वापरलं जातं, युरेट परत येतं. खूप झालं की पोकळीच्या बाजूने यूरॅट-१ चं तोंडच अडवतं, मग युरेट लघवीत वाहून जातं. हृदयासाठी ७५ ची गोळी घेणाऱ्या म्हाताऱ्यांचं युरिक ॲसिड किंचित चढलेलं दिसतं ते म्हणूनच, आणि म्हणून ती गोळी कुणी आपल्या मनाने सोडू नये, हेही आत्ताच लिहून ठेवतो, नाहीतर भिया परत येतील. तीन ग्रॅम ॲस्पिरिन पोटाचं काय करेल ते वेगळं. दुखण्यावर कुठली गोळी द्यायची, ते डॉक्टर ठरवतील.

छावणी_भिया

काका, मागे घेतलं वाक्य. पण मामांना लोसार्टन सुरू होती बीपीची. लिंबूपाण्याने उतरलं की तिने?

रामबाग_जुना

वा भिया, हा प्रश्न झकास. लोसार्टन यूरॅट-१ ला थोडं अडवते. बीपीच्या त्या गटातल्या गोळ्यांत हा गुण तिच्यातच ठळक आहे. मी मामांना पाहिलेलं नाही, पण पैज लावायची तर लोसार्टनवर लावीन.

फार्मसीवाली_बडोदा

मी बडोद्याहून लिहितेय, इंदूर माझं माहेर. रामबागकाकांच्या गोष्टीला एक शेपूट जोडते, कारण यूरॅट-१ चे भाऊबंद आमच्या रोजच्या कामात आहेत.

यूरॅट-१ पोकळीच्या बाजूला. त्याच घराण्यातली ओएटी-१ आणि ओएटी-३ ही रक्ताच्या बाजूला बसतात आणि ऋण भाराची औषधं रक्तातून उचलून पेशीत घेतात, तिथून ती लघवीत जातात. बदल्यात पेशीतलं अल्फा-कीटोग्लुटारेट रक्तात देतात. पेनिसिलिन याच वाटेने जातं, इतक्या वेगाने की रक्तातलं निम्मं पेनिसिलिन साधारण अर्ध्या तासात संपतं. १९४१ मध्ये ऑक्सफर्डला अल्बर्ट अलेक्झांडर या पोलिसाला पेनिसिलिन दिलं, तेव्हा जगात तेवढंच होतं. त्याच्या लघवीतून ते परत काढायचे, बाटल्या सायकलवरून प्रयोगशाळेत न्यायचे, शुद्ध करून पुन्हा टोचायचे. तरी साठा संपला आणि माणूस गेला. किडनीतली ही वाट थोपवायला पुढे प्रोबेनेसिड आलं, १९५० च्या सुमारास. पेनिसिलिन स्वस्त झाल्यावर त्याची फारशी गरज उरली नाही, पण तीच गोळी यूरॅट-१ लाही अडवते असं दिसलं, आणि ती गाऊटची गोळी झाली. रक्ताकडून पेनिसिलिन अडवते, पोकळीकडून युरेट सोडते.

खेळाडू लोकांनी तिचा तिसरा उपयोग काढला. स्टेरॉइडचे उरलेले ऋण रेणू लघवीत येऊच नयेत म्हणून घ्यायचे. ती आज बंदी असलेल्या औषधांच्या यादीत आहे.

काउंटरवर मी एक गोष्ट मात्र डोळ्यांत तेल घालून बघते. संधिवाताची मेथोट्रेक्सेट चालू असलेला माणूस वरून दुखण्याच्या गोळ्यांचं पान मागतो तेव्हा. दोन्ही ऋण रेणू, दोन्हींची वाट एकच. दुखण्याच्या गोळीने वाट अडवली की मेथोट्रेक्सेट रक्तात तुंबू शकते, आणि ती तुंबणं म्हणजे चेष्टा नाही. अशांना मी डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय पान देत नाही, शिव्या खाते.

देवीअहिल्या_एमएस्सी

म्हणजे वहिनींच्या दिरांना प्रोबेनेसिड दिलं तर पायराझिनामाइडचा परिणाम खोडून निघेल का?

फार्मसीवाली_बडोदा

कागदावर सुचतं खरं. पण दोघंही एकाच प्रथिनावर भांडणार, आणि पायराझिनामाइड भरपूर असलं की प्रोबेनेसिडचा जोर कमी पडतो. शिवाय ज्याला पायराझिनामाइड ठरलेल्या दिवसांपुरतंच घ्यायचंय, त्याच्या गोळ्यांत आणखी एक कशाला वाढवायची?

सुदामानगर_वहिनी

काल दिरांना घेऊन डॉक्टरांकडे जाऊन आले. या वेळी गर्दी कमी होती. ॲलोप्युरिनॉलचं पान दाखवलं, ते म्हणाले परत करा. दुखण्याची गोळी दिली आहे, जेवणानंतर. पायराझिनामाइड पहिले दोन महिनेच, पुढच्या चार महिन्यांच्या गोळीत ते नाही, असंही समजावून सांगितलं. घोटा एकच लाल होऊन सुजला किंवा ताप आला तर लगेच या म्हणाले.

एकच शेवटचं. सासूबाई दिवसभर तांब्या घेऊन मागे असतात, पाणी प्या म्हणून. मुतखडा होईल ही भीती. खरंच तेवढं पाणी लागतं का?

रामबाग_जुना

पाण्याचा यूरॅट-१ वर काही परिणाम नाही. आणि खड्याचं उलट आहे: या गोळीने युरेट लघवीत कमी जातं, रक्तात राहतं. लघवीत जे नाहीच त्याचा खडा कशाचा होणार? तहान लागेल तेवढं पिऊ द्या, तांब्या ठेवून द्या. पायराझिनामाइड थांबलं की काही आठवड्यांत आकडा आपोआप खाली येतो. मधेमधे तपासून १०.१ आलं की ९.८ आलं यावर घरात चर्चासत्र भरवू नका.

त्यापेक्षा यकृताकडे लक्ष ठेवा. पायराझिनामाइड, आयसोनियाझिड आणि रिफाम्पिसिन तिन्ही यकृताला जड. जेवणावरची वासना उडाली, उलट्या सुरू झाल्या, डोळे पिवळे दिसले, तर तारखेची वाट न बघता त्याच दिवशी दाखवायचं. एसजीपीटीचा, म्हणजे यकृताच्या तपासणीचा, रिपोर्ट झाला असेल तर फाईलमध्ये वर लावून ठेवा. झाला नसेल तर पुढच्या खेपेला विचारा.